गिटारचा फ्रेटबोर्ड पाठ करायचाय : प्रकल्प नोंदी

१ जून

आधी ठरवलंय काय ते लिहून टाकते म्हणजे नंतर पळवाट नको. फ्रेटबोर्ड म्हणजे गिटारच्या मानेची पुढची बाजू, फ्रेट म्हणजे तिच्यावरच्या आडव्या पट्ट्यांनी पाडलेली घरं. कुठल्याही तारेवर कुठलीही नोट विचारली तर बोट सरळ तिथे गेलं पाहिजे, मधे मोजणी नाही. कॉर्ड्स येतात, टॅब (कुठली तार कुठल्या फ्रेटला दाबायची त्याचे आकडे) बघून सोलोही बसवता येतो, पण कोणी "चौथ्या तारेवर बी फ्लॅट कुठे" असं विचारलं की ओपन (म्हणजे न दाबलेली तार) डी, डी शार्प, ई, एफ... अशी गाडी सुटते आणि आठव्या फ्रेटला पोचेपर्यंत गाणं पुढे निघून गेलेलं असतं. टॅबवर शिकलेल्या बहुतेकांची हीच गत असते. टॅब आकडे सांगतो, नोटचं नाव कधीच सांगत नाही, त्यामुळे वर्षानुवर्षं वाजवून पण नावं लक्षात राहायचं काही कारणच पडत नाही.

हिशोब केला. सहा तारा (पहिली सगळ्यात बारीक, सहावी सगळ्यात जाड), ओपन ते अकरावा फ्रेट धरला तर प्रत्येकीवर १२ जागा, म्हणजे ७२. बाराव्यापासून परत तेच, एक सप्तक वर. पहिली आणि सहावी दोन्ही ई, त्यामुळे एक तार फुकट, राहिल्या ६०. त्यातल्या शार्प-फ्लॅटच्या, म्हणजे पेटीवरच्या काळ्या पट्ट्यांच्या, २५ बाजूला ठेवल्या, त्या शेजाऱ्यांवरून कळतात. उरल्या ३५. पस्तीस गोष्टी पाठ करायला एवढं काय घाबरायचं, पण आजवर झाल्या नाहीत हे पण खरं.

३ जून

सहावी तार: ई ओपन, एफ १, जी ३, ए ५, बी ७, सी ८, डी १०. ही येते, बार कॉर्डमुळे (एक बोट सगळ्या तारांवर आडवं ठेवून धरतात त्या). पाचवी पण बरीचशी येते, त्याच कारणाने, ए शेपच्या कॉर्डचा रूट (मूळ सूर) तिथे असतो. खरी बोंब चौथ्या, तिसऱ्या आणि दुसऱ्या तारेची.

सगळीकडे सांगतात की एक तार घ्या, खालून वर नावं म्हणा, मग वरून खाली म्हणा, आठवड्यात एक तार होईल. करून बघितलं चौथ्या तारेवर. डी, ई, एफ, जी, ए, बी, सी, डी. म्हणता येतं मस्त, अगदी सुरात. पण मधलीच एक विचारली की परत ओपनपासून सुरू. लहानपणी पाढ्यांचं असंच व्हायचं, अख्खा पाढा घडाघडा यायचा पण कोणी सात आठे विचारलं की मनातल्या मनात सात एके सातपासून चढत यायचं. क्रमाने पाठ केलं की क्रमच पाठ होतो. ही पद्धत वाईट नाही, ई-एफ आणि बी-सी मधे फ्रेट नसतो हे तरी अंगात मुरतं, पण माझं काम त्याने होणार नाही. मला मधूनच उचलता यायला हवं.

६ जून

साधनं जमवली. कागदाची कार्डं कापली, प्रत्येकावर तारेचा नंबर आणि एक नोट, "३ - एफ", "५ - जी" असं. शार्प-फ्लॅट अजून नाहीत. हेडस्टॉकवर, म्हणजे मानेच्या टोकाला, क्लिपचा ट्यूनर. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ४० वर, एका कार्डाला चार ठोके. कार्ड उलटायचं, नाव तोंडाने मोठ्याने म्हणायचं, वाजवायचं, मग ट्यूनर काय दाखवतो ते बघायचं. क्रम महत्त्वाचा आहे, आधी म्हणायचं मग वाजवायचं, नाहीतर बोट चाचपडत कानाने नोट शोधतं आणि आपल्याला वाटतं की आली.

मेट्रोनोम कशाला तर तो थांबत नाही. चार ठोक्यांत ओपनपासून मोजत नवव्या फ्रेटला पोचता येत नाही, त्यामुळे मोजायची सवय आपोआप गळायला लागते. कार्ड चुकलं तर रडत बसायचं नाही, गठ्ठ्यात मधे कुठेतरी खुपसायचं, पुढचं घ्यायचं.

ट्यूनरच्या दोन भानगडी आहेत. एक म्हणजे माझा फक्त शार्प दाखवतो, बी फ्लॅट वाजवला तरी ए शार्पच म्हणणार. दुसरं म्हणजे सप्तक सांगत नाही, सहाव्या तारेवरचा ए आणि पहिल्या तारेवरचा ए त्याला सारखेच. आत्ता चालतंय.

९ जून

आज एक गोष्ट हाताला लागली, ती नीट लिहून ठेवते कारण पुढचं सगळं त्यावर उभं राहील असं दिसतंय.

सहावी ते तिसरी या चार तारा एकमेकींपासून पाच-पाच फ्रेट लांब लावलेल्या असतात. ई ते ए, ए ते डी, डी ते जी, सगळीकडे पाच सेमीटोन (एका फ्रेटला एक), म्हणजे सा ते शुद्ध मध्यम. मग एकाच फ्रेटवर बोट आडवं ठेवून सहावीकडून तिसरीकडे आलं की प्रत्येक पावलाला मध्यमाची उडी पडते. आणि नुसत्या साध्या नोट्स मध्यमाच्या उड्यांनी लावल्या तर ही साखळी मिळते: बी, ई, ए, डी, जी, सी, एफ. सातच्या सात, एकही शार्प नाही.

आता बोर्डावर बघ. सातवा फ्रेट, सहावीकडून तिसरीकडे: बी, ई, ए, डी. साखळीचे पहिले चार. बारावा किंवा ओपन: ई, ए, डी, जी. एक घर पुढे. पाचवा: ए, डी, जी, सी. अजून एक पुढे. दहावा: डी, जी, सी, एफ. संपली साखळी. म्हणजे एवढी एक ओळ पाठ केली आणि पाचवा, सातवा, दहावा, बारावा या फ्रेटांना ती कुठून सुरू होते एवढं लक्षात ठेवलं की जाड्या चार तारांवरच्या २८ साध्या नोट्सपैकी १६ हातात. उरलेल्या १२ पण याच साखळीचे तुकडे आहेत, फक्त एका टोकाला लटकलेले. तिसरा फ्रेट जी, सी, एफ आणि मग साखळी संपली म्हणून तिसऱ्या तारेवर बी फ्लॅट. आठवा सी, एफ आणि मग बी फ्लॅट, ई फ्लॅट. पहिल्या फ्रेटवर नुसता एफ, सहाव्या तारेवर. दुसऱ्या बाजूने दुसरा फ्रेट, सहावीवर एफ शार्प आणि तिथून बी, ई, ए. नववा फ्रेट, चौथीवर बी आणि तिसरीवर ई. चौथा फ्रेट, तिसरीवर एकटा बी.

कार्ड आलं "३ - सी". आता ओपन जीपासून मोजायचं नाही. सी साखळीच्या शेवटाकडे आहे, पाचव्या फ्रेटवर चौघांत शेवटचा, संपलं. मोजणीपेक्षा खूपच वेगळा विचार आहे हा. अजून विचार आहे हे मान्य, पण लहान आहे आणि कुठूनही सुरू करता येतो.

पुस्तकी भाषेत याला सर्कल ऑफ फोर्थ्स म्हणतात, स्टाफ नोटेशनमधे (पाच रेघांवर टिंबं काढून लिहितात ते) फ्लॅट याच क्रमाने वाढत जातात. तिकडे ते कधीतरी वाचलेलं असतं आणि इकडे गिटार हातात असते, दोन्हीची गाठ पडत नाही.

१० जून

दुसरी तार. साखळी तिथे येऊन मोडते कारण जी ते बी हे अंतर पाच नाही, चार फ्रेटांचं आहे. ट्यूनर न वापरता तारा लावताना सगळीकडे पाचवा फ्रेट दाबतात आणि तिसऱ्या तारेवर तेवढा चौथा, तो याच्यासाठी.

पण मोडते म्हणजे काय, एक फ्रेट सरकते. तिसरीवरून दुसरीवर जाताना एक फ्रेट पुढे जायचं की साखळी चालू. पाचव्या फ्रेटवर ए, डी, जी, सी आणि मग दुसरीवर सहाव्या फ्रेटला एफ. सातव्यावर बी, ई, ए, डी, मग दुसरीवर आठव्याला जी, पहिलीवर पण आठव्यालाच सी. बरोबर बसतं. ऑक्टेव्हचे शेप, स्केलचे शेप, सगळे दुसऱ्या तारेवर येऊन वाकडे का होतात याचं उत्तर हे एवढंच आहे.

तरी दुसरी तार मी वेगळी पाठ करणार, आडमार्गाने नाही: सी १, डी ३, ई ५, एफ ६, जी ८, ए १०. सोलो तिथेच तर वाजतो.

१२ जून

मानेवरच्या ठिपक्यांबद्दल. ३, ५, ७, ९ आणि १२ ला दोन. ठिपके तिथे का हे कोणी विचारत नाही, सगळे नुसते वापरतात. साध्या नोट्सच्या नजरेने बघितलं तर ५, १० आणि १२ हे तीन फ्रेट संपूर्ण साधे, सहाही तारांवर एकही शार्प नाही. त्यातल्या दहाव्यावर ठिपका नाही आणि नवव्यावर आहे, जिथे सी शार्प, एफ शार्प, बी, ई, जी शार्प, सी शार्प असा पसारा. युकुलेलेवर बऱ्याचदा ठिपका दहाव्यावर असतो आणि खरं सांगायचं तर नावं शिकणाऱ्याला तेच सोयीचं. मी दहाव्या फ्रेटशी, मानेच्या वरच्या कडेला, पेन्सिलने बारीक खूण केलीय. पुसता येते.

उलट टोक म्हणजे अकरावा फ्रेट. तिथे एकही साधी नोट नाही. डी शार्प, जी शार्प, सी शार्प, एफ शार्प, ए शार्प, डी शार्प. साहजिक आहे, ई, ए, डी, जी, बी या पाचांच्या एक घर खाली सगळीकडे काळी पट्टीच असते. आणि सहाव्या फ्रेटवर फक्त दुसऱ्या तारेवरचा एफ साधा, बाकी सगळे काळे. त्यामुळे कुठलीही साधी नोट शोधताना अकरावा बाद आणि सहावा जवळपास बाद.

१३ जून

बोअर झालं. अर्धा गठ्ठा केला, ठेवून दिलं.

१५ जून

ऑक्टेव्ह. हे आधीपासून थोडं हातात होतं पण नावासकट नव्हतं.

सहावीवरून चौथीवर: मधली एक तार सोडून दोन फ्रेट पुढे. पाचवीवरून तिसरीवर पण तेच. चौथीवरून दुसरीवर आणि तिसरीवरून पहिलीवर: तीन फ्रेट पुढे, कारण मधे ते जी-बीचं वाकण येतं. उलट दिशेने पाचवीवरून दुसरीवर दोन फ्रेट मागे, सहावीवरून तिसरीवर तीन फ्रेट मागे, चौथीवरून पहिलीवर दोन मागे.

एवढे नियम वाचले की डोकं फिरतं, म्हणून एक नोट घेऊन बोर्डभर फिरले. सी. दुसरीवर १, पाचवीवर ३, तिसरीवर ५, सहावी आणि पहिलीवर ८, चौथीवर १०, परत दुसरीवर १३. मग जी घेतला: तिसरीवर ओपन, सहावी-पहिलीवर ३, चौथीवर ५, दुसरीवर ८, पाचवीवर १०, तिसरीवर १२. मग ए: पाचवी ओपन, तिसरी २, सहावी-पहिली ५, चौथी ७, दुसरी १०, पाचवी १२.

तारांचा क्रम बघितलास तर दरवेळी तोच आहे. दोन, पाच, तीन, सहा-एक, चार, परत दोन. नोट कुठलीही घे, सुरुवात वेगळ्या तारेवर होईल पण चक्र हेच. आणि मधली अंतरं पण ठरलेली: २, २, ३, २, ३. हे आकडे कुठेतरी बघितलेत असं वाटत होतं, आणि मग दिवा पेटला, भूप. सा रे ग प ध सा, अंतरं २, २, ३, २, ३. योगायोग नाहीये तो. गिटारच्या ओपन नोट्स पाचच आहेत, ई, ए, डी, जी, बी, आणि त्या जीपासून लावल्या की जी, ए, बी, डी, ई, म्हणजे जी चा भूपच झाला. एकच नोट या पाच तारांवर शोधत गेलं की ओपन तारांमधली अंतरं उलट्या क्रमाने समोर येतात, बी, ए, जी, ई, डी, आणि परत २, २, ३, २, ३. मला हे सापडल्यावर जरा वेळ गिटार खाली ठेवून नुसतं बघत बसावंसं वाटलं. ज्यांना सीएजीईडी सिस्टिम (सी, ए, जी, ई, डी या पाच कॉर्डच्या शेपवर आधारलेली) माहितीये त्यांना हे पाच शेप ओळखीचे वाटतील, तो पण याच चक्राचा भाग आहे.

रोजचा नियम बदलला. आता दिवसाला एकच नोट, बोर्डभर, चक्राच्या क्रमाने वर, मग उलटी खाली, मेट्रोनोमवर. त्यानंतर कार्डं.

१९ जून

एक नोट एक दिवस हे कार्डांपेक्षा जास्त चिकटतंय. एफच्या दिवशी एफ सगळीकडे दिसायला लागतो, कॉर्ड धरली तरी त्यातला एफ कुठला ते कळतं. कार्डं मात्र सोडता येत नाहीत. एक नोट धरून फिरताना पुढची जागा आधीच्या जागेवरून कळते, म्हणजे तो परत एक क्रमच झाला. कार्ड अचानक विचारतं. दोन्ही पाहिजे, आधी फिरायचं मग परीक्षा.

तिसऱ्या तारेवरचा बी अजून दगा देतो. चौथा फ्रेट, ठिपका नाही, आजूबाजूला आधार नाही. आता दुसऱ्या ओपन तारेवरून ओळखते, ट्यून करताना दाबतात तोच तो.

२२ जून

शार्प-फ्लॅटची कार्डं घातली. मला वाटलं होतं २५ अजून म्हणजे परत तेवढंच काम, पण नाही, साध्या नोट्स घट्ट असल्या की ह्या जवळपास फुकट येतात. फक्त नाव दोन्ही बाजूंनी यायला हवं. "४ - ए फ्लॅट" आलं की आधी जी शार्पमधे रूपांतर करायचं आणि मग शोधायचं असं नको. ए सातव्यावर, त्याच्या एक मागे सहावा. शार्प असेल तर मागच्या नोटवरून पुढे, फ्लॅट असेल तर पुढच्या नोटवरून मागे. कार्डांवर मुद्दाम फ्लॅट जास्त लिहिलेत, शार्पची सवय ट्यूनरने आधीच लावलीय.

गाणारी मैत्रीण आली होती. ती पेटीवर शिकलेली, तिच्या तोंडी सी, डी नाहीच. म्हणाली, "अगं काळी चारमधे घे ना, पांढरी पाचमधे आवाज खाली जातोय." काळी चार म्हणजे जी शार्प. आधी असं काही आलं की मी कॅपो (एका फ्रेटवर सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) काढून एकेका फ्रेटवर लावत तिच्या आवाजाला जुळवत बसायचे. आज सहावीवर चौथा, पाचवीवर अकरावा, दोन्ही एकदम दिसले आणि नुसता कॅपो पहिल्यावर लावून जी शेप धरला. तिला यात काही विशेष वाटलं नाही, वाटायचं कारण पण नव्हतं.

२६ जून

एक प्रयोग. ओपन पहिली तार, ई, ३२९.६३ हर्ट्झ. हाच ई, याच सप्तकातला, दुसऱ्या तारेवर पाचव्या फ्रेटला आहे. तिसरीवर नवव्याला. चौथीवर चौदाव्याला. पाचवीवर एकोणिसाव्याला. आणि २४ फ्रेटांची इलेक्ट्रिक असेल तर सहावीवर चोविसाव्याला पण. पियानोवर या एका सुराला एकच पट्टी आहे. इथे सहा घरं. स्टाफवर लिहिलेलं वाचून वाजवणं गिटारवाल्यांना जड का जातं ते इथे दिसतं, टिंब एकच आहे पण कुठल्या घरात वाजवायचं हे दरवेळी ठरवावं लागतं.

माझी अकूस्टिक २० फ्रेटची, मान बॉडीला चौदाव्याशी मिळते, त्यामुळे पाचवीवरच्या एकोणिसाव्यापर्यंत हात नेईपर्यंत मनगट ओरडतं. तरी पाचही वाजवले, एकामागून एक, डोळे मिटून. सूर एकच पण आवाज किती वेगळा. ओपन तार झणझणीत, लांब टिकते. दुसरीवर जरा गोल. तिसरीपासून माझ्या गिटारला गुंडाळलेल्या तारा आहेत, तिथे आवाज एकदम जाड होतो आणि व्हायब्रॅटो करायला बोटाला पकड मिळते. चौथीवर चौदाव्याला जवळजवळ नाकातून गायल्यासारखा. नावं पाठ करण्याचा हा फायदा मला आधी माहीत नव्हता, कुठलं घर निवडायचं हा चॉइस मिळतो. टॅबवाल्याने जे घर दिलं तेच वाजवायचं असं राहत नाही.

२८ जून

वरच्या फ्रेटांवर नाव बरोबर येतं पण बोट चुकीच्या घरात पडतं. ही स्मरणशक्तीची भानगड नाही, मापाची आहे. प्रत्येक फ्रेटला तारेची उरलेली लांबी १.०५९५ ने भागली जाते, त्यामुळे घरं लहान लहान होत जातात. ६४८ मिलिमीटरच्या स्केलवर पहिलं घर सुमारे ३६ मिलिमीटर रुंद, बारावं जेमतेम १९. खाली शिकलेली उडी वर तशीच मारली की पुढे जाऊन पडते. उपाय साधा, कार्ड आलं की नजर आधी ठिपक्यावर न्यायची मग हात. कडेचे बारीक ठिपके बघायचे, गिटार तिरकी करून समोरून बघत बसायचं नाही.

१ जुलै

ड्रॉप डी लावून बघितलं. सहावी तार ई वरून डी वर उतरवली की तिच्यावरचं सगळं दोन फ्रेट पुढे सरकतं, जी पाचव्याला, ए सातव्याला. पाठ केलेलं मोडेल अशी धास्ती होती. पण सहावी आता चौथीचीच खालची बहीण आहे, दोन्ही डी, नावं जशीच्या तशी. चौथी येत असली की झालं. डॅडगॅडच्या (तारा डी-ए-डी-जी-ए-डी अशा लावतात ते) वाटेला सध्या जात नाही.

कॅपोचं वेगळंच. दुसऱ्या फ्रेटवर कॅपो असला की तोंडाने आपण "जी, मग डी" म्हणतो पण वाजतंय ए आणि ई. शेपचं नाव एक, सुराचं नाव एक. दोन गिटारवाले एकत्र वाजवताना सगळे घोळ इथेच होतात. मी सध्या कॅपो असला तरी खरी नावं म्हणते, जरा डोकं दुखतं पण ठिपके आणि नावं यांची सांगड सुटत नाही.

५ जुलै

नुसती नावं घेऊन काय करायचं हा प्रश्न येणारच होता. ट्रायडवर, म्हणजे तीन नोट्सच्या कॉर्डवर, लावली.

सी मेजर म्हणजे सी, ई, जी. बारीक तीन तारा. तिसरीवर ५ सी, दुसरीवर ५ ई, पहिलीवर ३ जी. मग तेच तीन वेगळ्या क्रमाने: तिसरीवर ९ ई, दुसरीवर ८ जी, पहिलीवर ८ सी. आणि तिसरीवर १२ जी, दुसरीवर १३ सी, पहिलीवर १२ ई, जी खाली ओपनमधे ०, १, ० अशी पण मिळते. आधी हे मला तीन सुटे शेप म्हणून माहीत होते. आता प्रत्येक बोटाखाली काय आहे ते म्हणता येतं, आणि मग सी मायनर हवी असेल तर कुठला नवा शेप शिकायचा नाही, जिथे ई असेल ते बोट एक फ्रेट मागे. पहिल्या शेपमधे दुसरी तार ५ वरून ४ वर. दुसऱ्यात तिसरी तार ९ वरून ८ वर. तिसऱ्यात पहिली तार १२ वरून ११ वर. झालं.

खरं तर फ्रेटबोर्ड पाठ करा हा सल्ला देताना लोक इथून सुरुवात का करत नाहीत कळत नाही. सुटी नोट कोणी गाण्यात मागत नाही, मागतात ती कॉर्डमधली नोट.

११ जुलै

मधे काही दिवस गिटारला हात लावला नव्हता. आज कार्डं काढली. गंमत म्हणजे काय विसरलं आणि काय नाही यात स्पष्ट फरक आहे. पाचवा, सातवा, दहावा, जसेच्या तसे. सी आणि जी बोर्डभर, जसेच्या तसे. दुसऱ्या तारेवरचे काळे स्वर मात्र ढिले पडलेत आणि चौथ्या तारेवरचा बी शोधायला वेळ लागतोय.

हरमन एबिंगहाऊस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मधे स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ केलेलं सुरुवातीला भराभर विसरतं आणि मग वेग मंदावतो. त्याने मुद्दाम अर्थ नसलेली अक्षरं घेतली होती. माझ्याकडे जे टिकलं ते कशाला तरी जोडलेलं होतं, साखळीला, ट्रायडला, गाण्याला. जे गळलं ते एकटं लटकत होतं. त्यामुळे ढिल्या कार्डांना नुसतं घोकणार नाही, प्रत्येकाला एक कॉर्ड चिकटवणार. दुसऱ्या तारेवर चौथ्या फ्रेटचा ई फ्लॅट म्हणजे सी मायनरमधला मधला. त्याच तारेवर दुसऱ्या फ्रेटचा सी शार्प म्हणजे ओपन ए कॉर्डमधला. सातव्याचा एफ शार्प, डी मेजरचा. चौथ्या तारेवरचा नवव्याचा बी, जी मेजरचा.

१४ जुलै

मैत्रीणीबरोबर परत बसले होते, ती सरगमीत विचार करते, मी अक्षरांत. तिचा सा हवा तिथे जातो, माझा सी जागचा हलत नाही. गाणं ऐकून पुढचा स्वर ग आहे की म हे ती झटकन सांगते, मला ते जमत नाही, पण काळी दोनच्या सा चा ग बोर्डावर कुठे म्हटलं तर मी आता जी म्हणून दाखवू शकते, पाच ठिकाणी, सप्तक बदलून. दोन्ही जोडल्याशिवाय इम्प्रोव्हाइझ करताना उपयोग नाही. नाव म्हणजे जागा कळते, ती नोट त्या कॉर्डवर गोड लागेल की टोचेल हे नावावरून कळत नाही, ते नात्यावरून कळतं.

म्हणून सुट्या नोट्सची कार्डं आता आठवड्यातून एकदाच, नुसती ढिली पडू नयेत म्हणून. नवीन गठ्ठा कापायला घेतलाय, त्यावर नोटचं नाव लिहायचंच नाही. "डी मायनरचा थर्ड, चौथी तार" असं लिहायचं. म्हणजे आधी त्या कॉर्डमधला मधला स्वर एफ ओळखायचा, मग तिसरा फ्रेट. मेट्रोनोम परत ४० वर.